मन्यारांचं कंपाईल

“मिक्सर बंद कर आधी. फ्रीजची पिनबी काढ. मंग चालू करतो,” हे म्हणाले.

मिक्सर बंदच होता. फ्रीजची पिन मी जाऊन काढली, कारण आमच्या घरात कंपाईल लागलं की विजेवर चालणारं दुसरं काही चालू ठेवायचं नाही, हा नियम काशिफ शाळेत होता तेव्हापासूनचा आहे. मधल्या काळात वायरिंग नवं झालं, मीटर नवा बसला, पण नियम जिथल्या तिथे. पलंगावर बसलेल्या काशिफने भुवया वर करून माझ्याकडे पाहिलं. मी दारातच पदराला हात पुसत उभी राहिले.

हे म्हणजे कादर मन्यार, माझे मिस्टर. श्रीगोंद्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅबमध्ये असिस्टंट म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका, त्यामुळे गावात मला रुमाना म्हणून कुणी ओळखत नाही, मन्यार बाई म्हणूनच ओळखतात. लग्नानंतर हेही चिडवायला मला ‘बाई’ म्हणू लागले आणि पुढे तीच सवय झाली. “ओ बाई, च्या मिळंल का?” असं. गेल्या वर्षापासून मात्र ते ‘बाई’ म्हणाले की चिडवतायत, की खरंच कुठल्यातरी शाळेतल्या बाई समजून बोलतायत, हे मला कळेनासं झालंय. विचारायचं धाडस होत नाही.

सुरुवात आठवडे बाजारात झाली. हे मेथी आणायला म्हणून गेले आणि जिथे त्यांच्या आईचं बांगड्यांचं दुकान लागायचं त्या जागेवर जाऊन बसले. माझ्या सासूबाई, रोशनबी, जाऊन बरीच वर्षं झाली. त्या जागी आता मोबाईलची कव्हरं विकणारा बसतो. बिचाऱ्याने यांना बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि मला फोन केला. त्यानंतर एकदा घरी यायचं सोडून मिरजगावच्या एसटीत बसले. नगरच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला आणि सांगितलं, की हे आता वाढत जाणार. त्यातल्या त्यात एक बरं सांगितलं. हातात मुरलेली कामं सगळ्यांत शेवटी जातात, तेवढी त्यांना करू द्या, म्हणाले.

काशिफ पुण्याला एका कंपनीत आहे. पोरगा चांगला आहे, उगाच नावं ठेवणार नाही. रोज फोन करतो, औषधं पाठवतो. त्याच्या फ्लॅटला लिफ्ट आहे, खाली बाग आहे, जवळ दवाखाना आहे. आम्ही दोघांनी तिकडे यावं, असं तो सहा महिने म्हणतोय. आणि मला माझं घर सोडायचं नव्हतं. त्यात काही मोठं तत्त्व वगैरे नाही, मला नव्हतं सोडायचं, बस.

“अम्मी, अब्बांना आता काहीच जमत नाही. तू एकटी कुठं कुठं पुरणार?” तो मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाला.

“काहीच जमत नाही असं कसं?”

“मग काय जमतं, सांग.”

मी काय सांगणार? पायजम्याची नाडीसुद्धा मीच बांधते. तोंडाला आलं ते बोलून गेले. “त्यांचा चित्रांचा प्रोग्रॅम ते अजून पहिल्यापासून बांधून चालू करतील. रविवारी ये आणि समोर बसून बघ.”

तो म्हणाला, “आणि नाही जमलं तर?”

“तर त्याच दिवशी तुझ्याबरोबर येऊ.”

काशिफ शब्दाला पक्का, बापासारखाच. सकाळी आला तोच आमच्या दोन बॅगा भरायला लावल्या आणि गाडीच्या डिकीत नेऊन ठेवल्या. जमलं तर परत काढू, म्हणाला. त्यात माझी नमाजाची चटईही गेली होती. ती तेवढी मी त्याची पाठ वळल्यावर काढून आणली.

आता हा चित्रांचा प्रोग्रॅम म्हणजे काय, ते सांगते. आमच्या वाडीवरच्या शाळेला कुणीतरी एक जुना कॉम्प्युटर भेट दिला होता. तो हार घालून कपाटात ठेवला होता, कारण तो चालवायचा कसा हे आम्हा दोघी शिक्षिकांपैकी एकीलाही माहीत नव्हतं. एका रविवारी हे आले, हार काढला, धूळ झटकली आणि त्यात मुलांसाठी चित्रं काढायचा एक प्रोग्रॅम टाकला. परदेशातल्या कुणी कुणी मिळून केलेला, फुकट वाटलेला. रंग घ्या, रेघ मारा. बाजूला तयार ठसे होते. झाडाच्या ठशावर दाबलं की झाड उमटायचं, घराच्या ठशावर दाबलं की घर. पोरं हरखून गेली.

दुसरीतला भीमा त्या झाडाकडे बराच वेळ बघत होता. झाड उंच, निमुळतं, अंगावर पांढरं बर्फ.

“बाई, ह्ये झाड हाय का शेंडी?” त्याने विचारलं.

वर्ग हसला. मीही हसले. हे हसले नाहीत. परत येताना एम-एटीवर माझ्यापुढे बसून गाडी चालवता चालवता म्हणाले, “झाड बदलाया पायजे.”

“असं बदलता येतं?”

“येतंय की. ह्याचं आतलं समदं उघडं हाय.”

त्यांनी मला ते घरी आल्यावर ज्या भाषेत समजावलं त्याच भाषेत सांगते. दुकानातून आणलेला प्रोग्रॅम म्हणजे तयार पीठ. त्यात काय आहे ते विचारायचं नाही, भाकरी करायची आणि खायची. ह्या प्रोग्रॅमचं तसं नाही, तो करणारे तुमच्या हातात दाणेच देतात. माणसाने लिहिलेला सगळा मजकूर जसाच्या तसा. त्यात हवं ते निवडा, नको ते काढा, आपलं घाला, आणि मग ते मशीनला कळेल अशा भाषेत दळून काढा. हे दळण म्हणजे कंपाईल. आणि अट एकच, की तुमच्याकडून पुढच्याने मागितलं तर त्यालाही दाणे द्यायचे, नुसतं पीठ देऊन हात झटकायचे नाहीत.

सासूबाई बांगड्यांच्या माळा ओवत ऐकत होत्या. “आन् ह्ये करनाऱ्यांचं प्वाट कशावर चालतं?” त्यांनी विचारलं.

“त्ये आपल्याला काय ठावं. चालत आसंल कशावर तरी,” हे म्हणाले.

“मंग मानसं बरी असत्याल,” सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा माळेला लागल्या.

मग हे झाडाच्या मागे लागले. शर्टाच्या खिशात कागद घेऊन फिरायचे. बाभूळ काढली, काट्यांसकट. उसाचं पेर काढलं. शेळी, एसटी, उसाने भरलेली बैलगाडी, पाण्याचा हंडा. ठशांवर इंग्रजी नावं होती तिथे मराठी घातली, आणि मी फळ्यावर लिहिते तसं वळणदार अक्षर पाहिजे म्हणून मला शेजारी बसवून एकेक अक्षर तपासून घेतलं. सगळ्यांत शेवटी बांगडी काढली. ती मात्र आईला विचारून, रंगसुद्धा आईच्या पसंतीचा. श्रावणात खपतो तो हिरवा.

खरी पंचाईत दळण्याची होती. आमचं मशीन असेंबल केलेलं, जुनं. सगळा प्रोग्रॅम बांधून व्हायला अर्धा दिवस लागायचा, आणि त्या काळात श्रीगोंद्यात सलग अर्धा दिवस लाईट कुठली असायला? लोडशेडिंगचं वेळापत्रक भिंतीला चिकटवलेलं. लाईट आली की हे धावत येऊन कंपाईल लावायचे. स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांच्या ओळीमागून ओळी वर सरकायच्या. घरात सगळ्यांना आवाज न करायची ताकीद, जसं काही आवाजाने ते बिघडणार होतं. आणि निम्म्यात आलं की लाईट जायची. हे मांडीवर हात आपटायचे. लाईट परत आली की झालेलं सगळं पुसून टाकायचे आणि पुन्हा पहिल्यापासून लावायचे. त्यांचा तो एक अख्खा पावसाळा असा गेला.

“झालंय तेवढं ठेवता येत नाही का?” मी एकदा विचारलं.

त्यावर त्यांनी मला मन्यारांचा नियम सांगितला. बाईच्या हातात बांगडी भरताना फुटली, तर ती मन्यार स्वतःच्या पदरात घेतो, बाईच्या माथी मारत नाही. आणि बांगडीला नुसती चीर गेली असली, ती डोळ्याला दिसत नसली, हाताला मात्र लागत असली, तरी ती भरायची नाही. सासूबाई अशी बांगडी नखाने टिचकी मारून आवाजावरून ओळखायच्या आणि तिथल्या तिथे मोडून बाजूला टाकायच्या. तिचे दोन तुकडे करेपर्यंत त्यांना चैन पडायची नाही, कारण नजरचुकीने ती परत माळेत गेली तर एखाद्या लेकीबाळीचा हात कापायचा.

“ह्येबी तसंच,” हे म्हणाले. “मधीच लाईट गेली म्हंजी चीर गेली. तसला माल पोरांना द्यायचा न्हाई.”

मला काय कळणार त्यातलं? मी मान हलवली.

मग एके दिवशी हे कॉलेजात असताना लाईट आली. मी चुलीपाशी. डाळ शिजायला लावलेली. म्हटलं, यांचा वेळ वाचेल, आपणच लावून ठेवू. रोज बघून मला तो एक शब्द पाठ झाला होता, ‘मेक’. तो लिहिला आणि एंटर दाबलं. पुसायचं असतं ते माझ्या लक्षातच नव्हतं. ओळी सरकायला लागल्या, आणि डाळ घोटून होते न होते तोच थांबल्या. मला धडकी भरली. अर्ध्या दिवसाचं काम इतक्यात थांबलं म्हणजे मी काहीतरी मोडलं. संध्याकाळी हे आल्यावर चहा न देताच सांगून टाकलं.

हे खुर्चीवर बसले. वर-खाली करून बघितलं. पुन्हा बघितलं. प्रोग्रॅम बांधून झाला होता. मागच्या वेळी लाईट गेली तेव्हा जिथवर आलं होतं, तिथून पुढचं तेवढंच मशीनने केलं होतं.

मग हे जे हसायला लागले ते थांबेनात. भिंतीला हात टेकवून हसले. “मशीनला म्हाईत हुतं गं,” ते म्हणाले, “कुठवर झालंय त्ये त्येला म्हाईत हुतं. मीच आपला दर बारीला मोडून टाकतूय.”

सासूबाई आतून म्हणाल्या, “मंग येवढा पावसाळा काय करत हुतास?” आणि आम्ही दोघं पुन्हा हसलो. नंतर कॉलेजात त्यांनी प्रत्येकाला सांगितलं, की आम्हाला हे बाईंनी शिकवलं. साहेबांसमोरसुद्धा सांगितलं. माणसं स्वतःची चूक झाकतात. हे ती मिरवत फिरले, माझं कौतुक म्हणून. माझ्या सगळ्या संसारातला तो मला सगळ्यांत आवडता दिवस आहे. तसे मोठे दिवसही झाले, काशिफची नोकरी, घराचं छत पक्कं झालं तो दिवस, पण मनात येतो तो डाळीचा दिवस.

त्यानंतर वाडीवरच्या कितीतरी पोरांनी बाभळीखाली शेळ्या बांधल्या, एसट्या उसातून नेल्या. पुढे शाळेत टॅब आले, तो कॉम्प्युटर भंगारात गेला. आमच्या घरच्या मशीनवर मात्र प्रोग्रॅम होता. हे रिटायर झाल्यावरही मधून मधून उघडून बसायचे. महिन्यापूर्वी एका दुपारी बसले, आणि बांधलेलं सगळं पुसून टाकलं. पुढे काय करायचं ते विसरले असणार. उठून ओट्यावर जाऊन बसले. लिहिलेला मजकूर आणि चित्रं तेवढी शाबूत राहिली.

तर त्या रविवारी हे त्या मशीनपुढे बसले होते, आणि काशिफ पलंगावर.

पहिली पायरी म्हणजे मशीनला विचारायचं, की तुझ्याकडे लागणारं सगळं सामान आहे का. मशीन एकेक तपासतं आणि आहे, आहे, नाही असं सांगत जातं. यांनी चष्मा कपाळावर चढवला, बोटं कीबोर्डवर ठेवली. त्यांची ती बोटं सकाळी चहाच्या कपाचा कान शोधत होती. इथे मात्र ती अशी चालायला लागली, की काशिफने हातातला फोन बाजूला ठेवला. ओळी सरकल्या आणि एका ठिकाणी थांबल्या. काहीतरी कमी पडत होतं. काशिफ पुढे वाकला.

“अब्बा, हे बघा इथं—”

“दिसतंय मला,” हे म्हणाले. उठले, टेबलाचा खालचा खण ओढला, सीडींच्या गठ्ठ्यातून बरोबर एक काढली, मशीनमध्ये घातली, तेवढं सामान बसवलं आणि पुन्हा विचारलं. या वेळी सगळं ‘आहे’ आलं. यांनी ‘मेक’ लिहिलं आणि एंटर दाबलं. पांढऱ्या ओळी वर जाऊ लागल्या.

“जमतंय की,” काशिफ हळूच मला म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. मी बोटानेच त्याला थांब म्हणून खुणावलं. उगाच नजर लागायला नको.

मी भाकऱ्या थापायला घेतल्या. भाकरी तव्यावर असतानाच लाईट गेली. बाहेरच्या खोलीतली मशीनची घरघर थांबली. आता लोडशेडिंग उरलं नाही, पण आमच्या गल्लीतली तार वाऱ्याने हलली की लाईट जाते, येते. मी भाकरी उतरवून बाहेर आले. स्क्रीन काळी. हे मांडीवर हात आपटून शांत बसले होते.

काशिफने त्यांना बोलतं केलं. म्हटलं ना, पोरगा चांगला आहे. आजीबद्दल विचारलं. आणि हे असे खुलले, की ऐकत राहावं. आई डोक्यावर बांगड्यांचा हारा घेऊन कोणकोणत्या वाड्यांना जायची, कुठल्या पाटलीणबाई ताक पाजल्याशिवाय सोडायच्या नाहीत, श्रावणात हात कसे दुखून यायचे. बांगडी भरताना मनगट कसं दाबून लहान करायचं, ते काशिफचा हात धरून दाखवलं. सगळं स्वच्छ आठवत होतं. मला वाटलं, डॉक्टर काहीही म्हणोत, हा माणूस अजून सगळा आहे. आपण इथेच राहणार.

लाईट आली. मशीन चालू झालं. आणि यांनी पुसायची आज्ञा लिहिली.

“अब्बा, थांबा,” काशिफ चटकन म्हणाला. “पुसू नका. नुसतं मेक द्या, राहिलेलं पुढं होईल.”

“मधी लाईट गेल्ती,” हे म्हणाले.

“हो, पण त्याला माहीत असतं कुठपर्यंत झालंय ते. तुम्हीच मला लहानपणी सांगितलं होतं. अम्मीने डाळ शिजवता शिजवता—”

यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नजरेत राग नव्हता, ओळखही नव्हती. “चीर गेलेला माल पोरांना देत्यात व्हय?” ते शांतपणे म्हणाले. “पयल्यापास्नं करावं लागतंय.”

म्हणजे तो दिवस गेला होता. भिंतीला हात टेकवून हसणं, सासूबाईंचं बोलणं, सगळ्या कॉलेजात माझं नाव घेणं, काहीच नव्हतं तिथे. त्याच्या आधीचा नियम होता, आईचा. मी शिकवलेलं तेवढं पुसलं गेलं होतं. मला आतून इतकं रिकामं वाटलं, की आत जाऊन तव्यावर भाकरी टाकली आणि चुलीकडे तोंड करून उभी राहिले. भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा भानावर आले.

“अम्मी, सांग ना त्यांना,” काशिफ आत येऊन म्हणाला. “आता पुन्हा सगळं म्हणजे संध्याकाळ होईल.”

“होऊ दे,” मी म्हणाले. “त्यांना पहिल्यापासून करायचंय तर करू दे. तुला घाई असली तर तू जा.”

तो गेला नाही. आम्ही तिघांनी स्क्रीनसमोरच ताटं घेतली. यांनी ओळींवरची नजर न हलवता जेवण केलं. मी घास हातात देत होते आणि ते खात होते. मग काशिफ पलंगावर आडवा झाला. मी दारात बसून तांदूळ निवडले, आणि मनात एवढंच मागत राहिले, की आता लाईट जाऊ नये. गेली नाही. उन्हं ओट्यावरून खाली उतरली तेव्हा ओळी थांबल्या. यांनी शेवटची आज्ञा दिली, प्रोग्रॅम मशीनमध्ये बसवला आणि उघडला.

स्क्रीन पांढरीशुभ्र झाली. डावीकडे रंग, उजवीकडे ठसे. बाभूळ, ऊस, शेळी, एसटी, खाली माझ्या वळणाची अक्षरं.

काशिफ उठून उभा राहिला. “जमलं, अम्मी,” तो म्हणाला. “तू जिंकलीस. मी बॅगा काढतो.”

मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. यांच्या खांद्यावर हात ठेवावा म्हणून मी जवळ गेले.

हे टक लावून बघत होते. माऊस बाभळीवर नेला आणि दाबला. पांढऱ्यावर बाभूळ उमटली. मग शेळी घेतली, ती बाभळीखाली ठेवली. एसटी घेतली. सगळ्यात शेवटी हिरवी बांगडी घेतली, एक ठेवली, तिच्याशेजारी दुसरी ठेवली, आणि मागे रेलून बसले.

“लई झ्याक केलंय,” ते म्हणाले. “बाभळीचं काटंसुदिक सोडलं न्हाईत. कुनी केलंय ह्ये?”

काशिफचा चेहरा एकदम लहान झाला. तो त्यांच्या खुर्चीशी वाकला. “अब्बा, तुम्ही केलंय. तुमचंच आहे हे.”

हे हसले. परक्याच्या घरी कुणी उगाच मोठेपणा दिला की माणूस हसतो तसं. “चेष्टा करतो व्हय गरिबाची? आपन मन्यार मानूस. आपल्याला कुठं येतंय येवढं.” मग माझ्याकडे वळले. “बाई, ज्यानं केलंय त्येला कुनी सांगितलं का, चांगलं झालंय म्हनून?”

या वेळी मला कळलं, ते चिडवत नव्हते.

“नाही सांगितलं अजून,” मी म्हणाले.

“सांगाया पायजे. येवढं करायचं म्हंजी किती दिस बसला आसंल त्यो. बोलवा त्येला. च्या पाजू, तोंडावर सांगू.”

“बोलावते.”

“आजच बोलवा.” ते उठले. “मी जरा हातपाय धुतो. मानसापुढं असं बसनं बरं दिसत न्हाई.”

मी चहाचं आधण ठेवायला म्हणून आत आले. काशिफ मागोमाग आला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचं टाळत उभे राहिलो. पैज मी जिंकले होते आणि मला त्या जिंकण्याचं काय करावं ते कळत नव्हतं. हे घर ज्याच्यासाठी धरून बसायचं, तोच त्यात पाहुण्यासारखा वागत होता.

“काशिफ,” मी म्हणाले, “बॅगा डिकीतच राहू दे. चहा घेऊ आणि निघू. मी तयार आहे.”

मोरीतून तांब्याचा आवाज येत होता. काशिफ बाहेर गेला, डिकी उघडल्याचा आवाज आला, आणि दोन्ही बॅगा दोन हातांत घेऊन तो परत आला. त्या त्याने पलंगाखाली सरकवल्या.

“आज नको, अम्मी,” तो म्हणाला. “अब्बांचा पाहुणा यायचाय.”

हे तोवर कपडे बदलून ओट्यावर जाऊन बसले होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता, बटणं एक घर चुकवून लावली होती. शेजारी दुसरी खुर्ची ओढून घेतली होती आणि खांद्यावरच्या टॉवेलने ती पुसत होते. गल्लीतून कुणी येताना दिसलं की ते खुर्चीतून थोडेसे उठायचे. तो माणूस पुढे निघून गेला की पुन्हा बसायचे.